उजव्या खांद्याचं नामस्मरण

१४ जानेवारी
आज सकाळी नाथाच्या देवळात घंटा डाव्या हातानं वाजवली. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. गुरव बघत होता. त्याला सांगितलं, आज संक्रांत आहे म्हणून. त्यानं मान डोलावली. संक्रांतीचा आणि डाव्या हाताचा संबंध काय, हे घरी येईपर्यंत मलाही सुचलं नाही.
काळजीचं कारण नाही. जत्रा चैत्रात. पालखीतल्या देवावर अबदागिरी, म्हणजे झालरीची छत्री, धरायचा मान आमच्या घराचा. आधी वडील धरायचे, आता मी. दांडा उजव्या हातानं डोक्यावर उचलायचा, गावाला प्रदक्षिणा होईपर्यंत खाली आणायचा नाही. तोवर हात मोकळा होईलच.

१८ जानेवारी
साताऱ्याला जाऊन आलो. फिजिओथेरपीच्या माया मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या. म्हणाल्या, फ्रोझन शोल्डर. भिंतीपाशी उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चालवायची, अडतील तिथं पेन्सिलीची खूण करायची. सकाळ-संध्याकाळ. खूण हळूहळू वर सरकेल. बोलताना फ्लेक्शन, ॲबडक्शन असले शब्द आले. अर्थ विचारला, तर म्हणाल्या, काका, ते राहू द्या, तुम्ही भिंत धरा.
पटलं नाही. नाव माहीत नसलेल्या देवाची उपासना कशी करणार? स्टँडजवळ नर्सिंगचं जुनं पुस्तक घेतलं.

१९ जानेवारी
पहिली खूण केली. छातीच्या जरा वर. उद्यापासून नेमानं.

२७ जानेवारी
आठवडा पुस्तकात गेला. पाया पक्का हवा. फ्लेक्शन म्हणजे हात पुढून वर. एक्स्टेन्शन म्हणजे मागं. ॲबडक्शन म्हणजे अंगापासून बाजूला. ॲडक्शन म्हणजे परत अंगाकडं. यातलं ॲडक्शन मला आत्ताच उत्तम येतं.

२ फेब्रुवारी
पुस्तकात आहे, सगळ्या हालचालींचं मूळ ॲनाटॉमिकल पोझिशन. सरळ उभं, हात खाली, तळवे समोर. देवळात गाभाऱ्यापुढं तसा उभा राहिलो. मन फार शांत झालं. गुरवानं हळूच येऊन तळव्यावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.
भिंतीचं उद्यापासून.

९ फेब्रुवारी
नवा विचार. नाम घेतलं की देव जवळ येतो. मग हालचालीचं नाव घेतलं तर हालचाल का येणार नाही? तुळशीची माळ घेऊन बसलो. एका मण्याला फ्लेक्शन, एका मण्याला एक्स्टेन्शन. राजेश्वरी दारातून बघत होती. एवढा वेळ भिंतीपाशी का उभं राहत नाही, असं तिनं विचारलं. बायकोला साधनेतलं सूक्ष्म कळत नाही.

१७ फेब्रुवारी
चुलतभाऊ नानासो आला. त्याचाही उजवा खांदा धरलाय. साताऱ्याला जाऊ का, विचारत होता. म्हटलं, कशाला खर्च, मी आहे ना. तासभर शिकवलं. हालचाली माझ्या डाव्या हातानं करून दाखवल्या. शिकवताना चांगलाच हात वापरावा, नाहीतर विद्यार्थी चुकीचं उचलतो. भिंतीची मुंगीही सांगितली.

६ मार्च
नानासोच्या गोठ्यावर गेलो होतो. भिंतीवर कोळशाच्या रेघा, एकीवर एक, शिडीसारख्या. हात कानाच्या वर जातो. पण नावं एकही पाठ नाही. सगळ्याला मुंगीच म्हणतो. वाईट वाटलं. तिथंच सगळी नावं पुन्हा म्हणून दाखवली, त्याचं लक्ष नव्हतं. म्हशी मात्र लक्ष देऊन ऐकत होत्या.

२० मार्च
रात्री दुखलं. उताणं म्हणजे सुपाइन, पालथं म्हणजे प्रोन. दंडवत हा प्रोन. पण हात पुढं नेता येत नाहीत, म्हणून आजचा दंडवत अंथरुणातूनच सुपाइन घातला. भाव महत्त्वाचा.
परवापासून भिंत. उद्या एकादशी, अंगाला ताण नको.

९ एप्रिल
जत्रा तीन दिवसांवर. अबदागिरी पुसायला बाहेर काढली. देवळात मुखवटा ठेवलेल्या पालखीवर सगळ्यांदेखत उचलून बघितली. दांडा छातीपाशी अडला. पंचांना समजावलं की हे आंशिक फ्लेक्शन आहे, अगदीच वाईट नाही. तेवढ्यात झालर पालखीतल्या मुखवट्याच्या डोळ्यांवर आली. पंचांतले म्हातारे लालासाहेब शांतपणे म्हणाले, "आरं, देवाला गाव दिसू दे की."
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
नानासो माझ्याकडं बघतच नव्हता. मीच त्याला शिकवलं, हे मी तिथं दोनदा सांगितलं.
घरी सगळं ऐकून राजेश्वरी म्हणाली, "आवं, नाव घिऊन देव पावंल. खांद्याला कान हायती व्हय?"
उत्तर पुस्तकात शोधलं. नाही.

१२ एप्रिल, जत्रा
सकाळी स्वतः नानासोच्या घरी गेलो. अबदागिरी त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "दादा, मान तुझा हाय. मी नुसता धरतो." मी झालर सारखी करून दिली. बोललो असतो तर पुन्हा शिकवलं असतं.
पालखी उठली. त्याचा हात पुढून वर गेला, सरळ कानापाशी. तोंडात फ्लेक्शन आलं होतं, ते गिळलं. चांगभलं म्हणताना गावानं दोन्ही हात वर केले, मी एक. देवाचे डोळे उघडे होते.
घरी आलो. जेवणाआधी भिंतीपाशी उभा राहिलो आणि बोटं चालवली. जानेवारीतल्या खुणेपेक्षा चार बोटं खाली अडली.
तिथं खूण केली.