थोरल्याचे पांढरे ठिपके

३ मार्च, सोमवार

आणि त्या दिवशीही पुसायची बादली ह्यांनीच पळवली होती. मी दूध उतरवलं, डबे भरले, केर काढला, फरशी पुसायला गेले तर बादली माशांच्या टाकीपाशी, आणि तिच्यात त्यांचं पाणी. मी म्हटलं, माणसांनी काय करायचं? हे म्हणाले, माणसांनी जरा थांबायचं. साधी सकाळ होती. आजच का आठवली, कोण जाणे.

हे गेल्यापासून बादली माझीच आहे. टाकीही रविवारी जाईल. ह्यांच्या धाकट्या बहिणीला, वन्संना, मी स्वतः फोन करून सांगितलं, तुमच्या भावाचे मासे तुम्ही न्या. दोनच आहेत, सोनेरी. थोरला आणि धाकटी. नावं ह्यांची. मला त्यांचा काही लळा नाही.

७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळ

थोरल्याच्या गालांवर पांढरे ठिपके. पुढच्या परांच्या कडेलाही. दिवसभर दुकानात शर्टांना काजं करते, मला बारीक दिसतं.

वाचनालयातून पुस्तक आणलं. त्यात पांढऱ्या ठिपक्यांचा रोगच आहे. अंगभर मीठ भुरभुरल्यासारखं दिसतं, मासा दगडांवर अंग घासतो. थोरला दगडांवर घासत नाही. पण धाकटीच्या मागे मागे धावतो आणि तिच्या पोटाला ढुसण्या देतो. म्हणजे तिच्यावर अंग घासतो. एकच झालं.

रोग पसरणारा आहे. वन्संना कळवलं, आजारी मासा देणं बरं दिसत नाही. त्या म्हणाल्या, वहिनी, सावकाश होऊ द्या.

९ मार्च, रविवार

थोरल्याला वेगळा काढला. कपडे धुवायचा टब, स्वयंपाकघरात. पुस्तकात दिलंय तेवढं मीठ, आणि निळं औषध. उपचार पूर्ण करायचा, मधे सोडायचा नाही. मग टाकी द्यायची. ठरलं.

१२ मार्च

थोरला शांत आहे. कोपऱ्यात असतो. खात नाही. विश्रांतीचा गुण येतोय. ठिपके आहेत तेवढेच.

धाकटीही खात नाही. काचेला तोंड लावून उभी असते. तिलाही लागण झाली असावी. ठिपके नाहीत तिला. आतून असेल.

१६ मार्च, रविवार

वन्सं आल्या होत्या. टबापाशी बसून बघत राहिल्या. म्हणाल्या, वहिनी, हा आजारी नाही दिसत, रुसलेला दिसतो. दादा रुसला की असाच कोपरा धरायचा. मी म्हटलं, पुस्तकात रुसवा नाही. त्या म्हणाल्या, मग राहिलं असेल छापायचं.

वन्संना वाचनाची सवय नाही.

टाकी पुढच्या रविवारी नक्की. त्या कप विसळून गेल्या.

२१ मार्च. सकाळी

धाकटीचं पोट फुगलंय. पोट फुगण्याचा आजार पुस्तकात पुढच्याच प्रकरणात आहे. वरून पाहिलं तर खवले उभे राहिलेले दिसतात म्हणे. हिचे सपाट आहेत. सुरुवात असेल.

वन्संना सांगितलं, रविवारचं जमेलसं वाटत नाही. त्या म्हणाल्या, बरं.

२३ मार्च, रविवार

टाकीवाल्याला बोलावलं. हे त्याच्याच दुकानातून सगळं आणायचे. त्याने आधी टब पाहिला, मग टाकी, मग बराच वेळ कान खाजवला. शेवटी म्हणाला, काकू, कसं सांगू, हा आजारी नाही. वयात आलाय. या दिवसांत नराला गालांवर आणि पुढच्या परांवर असे दाणे येतात. रोगाचे ठिपके अंगभर असतात. आणि ती अंड्यांनी भरलीय. मग धावणारच की हा मागे.

मी त्याला पुस्तकातलं पान वाचून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाला, पुस्तक बरोबर आहे काकू, मासा वेगळा आहे.

औषध बंद करा म्हणाला. टबातलं पाणी थोडं थोडं बदला आणि उद्या सोडा परत त्याला. असं एकटं ठेवलं तर मात्र खरंच आजारी पडेल.

मी म्हटलं, छान झालं, आता वन्संकडे पाठवायला हरकत नाही. तो म्हणाला, त्यांनी तर परवाच नेली की टाकी. नवी. माशांसकट.

त्याला चहा दिला. तो गेल्यावर वन्संना फोन केला. त्या म्हणाल्या, दर खेपेला तुम्ही नवा आजार सांगायला लागलात, तेव्हा माझ्या लक्षात आलं. टाकी तुमच्याकडेच राहू दे, वहिनी. सरळ सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, मला कुठे ठेवायची होती. मग मी विचारलं, तुमचे मासे बरे आहेत ना? त्या म्हणाल्या, अजून बरे आहेत, तुम्ही पाहिले नाहीत ना.

मला हसू आलं नाही. पण विनोद चांगला होता, हे कळलं.

टबातलं पाणी दोनदा बदललं. टाकी आता कोणी न्यायला येणार नाही. जेवण केलं नाही, भूक नव्हती.

२४ मार्च, सोमवार

सकाळी थोरल्याला टाकीत सोडला. टब घासून त्यात कपडे भिजवले आणि दुकानात गेले.