परतीच्या विमानाचे एक तास पंचावन्न मिनिटे

प्रति,
मा. कार्यालय प्रमुख,
वजनमाप तपासणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : परतीच्या विमानाला लागलेला जादा वेळ माझ्या गैरहजेरीतून वगळून रजा देणेबाबत.
संदर्भ : माझा दि. १८ ऑगस्टचा खुलासा, जो आपल्या दालनाकडे अद्याप वाटेत आहे.

महोदय,

मी आपल्या कार्यालयात फूटपट्टी तपासनीस आहे. जुलैच्या सुरुवातीला गरोदर ताईला भावोजींकडे पोचवायला विमानाने गेलो. जाताना तेरा तास दहा मिनिटे लागली, येताना पंधरा तास पाच. परिणामी एक तास पंचावन्न मिनिटे उशिरा रुजू झालो.

मुख्य लिपिकांनी विचारले, "अंतर तेच, मग वेळ जास्त कसा? मध्ये कुठे उतरला होतास?" अकरा हजार चारशे किलोमीटरांत उतरण्याची सोय नव्हती, हे मी नम्रपणे सांगितले. वरचा वारा जाताना पाठीशी असतो, येताना तोंडावर, हेही सांगितले. त्यांनी वाऱ्याचा दाखला मागितला. हवामान कार्यालयातल्या बाईंनी वाऱ्याचा पूर्ण पत्ता विचारला.

त्यानंतर मुख्य लिपिकांनी भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवली आणि ती संपली तिथून पुढे एक बोट धरले. विमानातल्या पडद्याच्या फोटोत मार्ग कमानीसारखा दिसतो. "म्हणजे वाकडी वाट केलीस," असा शेरा पडला. पृथ्वी गोल असल्याचे मी तोंडी कळवले. ते लेखी मागवण्यात आले आहे. फूटपट्टीवर मला संशय घेता येत नाही, कारण तिच्यावरचा शिक्का माझाच आहे. बोट मात्र तपासलेले नाही.

खुलासा निकाली निघेपर्यंत नवी रजा नाही, असे सांगतात. ताईला डॉक्टरांनी बाळंतपणाची चोवीस सप्टेंबर ही तारीख दिली आहे. ती रोज फोनवर म्हणते, "बाळ वेळेवर येईल रे, मामाचं काय?" भावोजी सज्जन आहेत, पण रक्त दिसताच आडवे होतात. तिथे उभे राहणारे माणूस मीच.

माझ्या टेबलापासून आपले दालन अठरा पावलांवर आहे. बावीस दिवसांत माझा खुलासा तिथे पोचलेला नाही. तेवढ्या वेळात विमान अठरा वेळा जाऊन येते, म्हणजे पावलाला एक फेरी. या मार्गावर वारा नाही. पंखा आहे, तो बंद आहे. म्हणून हा अर्ज हातात धरून मी आपल्या दाराशी उभा आहे.

कृपया वरील वेळ वाऱ्याच्या नावे टाकून २१ सप्टेंबरपासून दहा दिवसांची रजा द्यावी. परतताना तोच वारा पुन्हा समोर असेल, तेव्हा दोन तास आगाऊ माफ व्हावेत.

आपला, आणि चोवीस तारखेपासून एका भाच्याचा किंवा भाचीचा, नम्र
फूटपट्टी तपासनीस
दि. ९ सप्टेंबर

सोबत :
१. बोर्डिंग पास, दोन.
२. पडद्याचा फोटो.
३. संत्रे एक व दोरा एक, पृथ्वीच्या आणि तिच्यावरच्या सरळ वाटेच्या पुराव्यादाखल. (पहिल्या खुलाशासोबतचे संत्रे आवक शाखेत गहाळ झाले, फाइलला बिया जोडलेल्या आहेत.) हे संत्रे चोवीस तारखेपर्यंत टिकेल. ताई थांबेलच असे नाही.