सोन्याची निब आणि पांढरा लोड

४ मार्च
आजपासून रोज लिहिणार. कारण पेन घेतलं. साधंसुधं नाही, व्हिंटेज. रविवारच्या जुन्या बाजारात एक म्हातारा चादर पसरून बसतो, त्याच्याकडून. म्हणाला, साठ वर्षांचं आहे, निब सोन्याची. मी निबेकडे पाहिलं, निबेने माझ्याकडे. संपला विषय. किंमत इथे लिहीत नाही. वही कधी आईच्या हाती लागली तर?
स्टेशनरीच्या दुकानातून एक प्लास्टिकचं पेनही घेतलं. आरपार दिसणारं, चहाच्या भावात. तुलनेसाठी. दोन्ही पेनांनी आलटून पालटून लिहायचं आणि निकाल लावायचा. निकाल मला आत्ताच माहीत आहे, पण चाचणी रीतसर झाली पाहिजे.

५ मार्च. जुनं पेन.
पहिल्या शब्दावर डाग. दुसरा शब्द डागाखाली गेला. हात सढळ आहे शाईचा. खानदानी वस्तू मोजूनमापून देत नसते.
उशीवरही थोडी दिली आहे.

६ मार्च. नवं पेन.
लिहितं. सलग लिहितं. पण त्यात काय मोठं? त्यासाठीच केलंय ना ते? उद्या बादलीचा सत्कार कराल, पाणी धरलं म्हणून.

८ मार्च. नवं पेन (जुनं रुसलंय).
आज योजना पक्की केली. मी कामाला आहे त्या हॉटेलच्या लाँड्रीत सगळे उभ्याने राबतात, बसून काम एकट्या मामांना. मामा सख्खे कुणाचेच नाहीत, म्हणून सगळ्यांचे. खिडकीजवळ त्यांचं टेबल. मशीनमध्ये जाण्याआधी प्रत्येक कपड्याचे खिसे उलटे करून बघायचे आणि रजिस्टरमध्ये सही करायची. त्यांना दमा आहे, इस्त्रीच्या वाफेत श्वास पुरत नाही, म्हणून लाँड्रीच्या प्रमुख मॅडमनी ते टेबल दिलं. वर्षभरात मामा रिटायर. मग सही कोण करणार? ज्याच्या खिशाला पेन तो. मॅडमच्या नजरेत आत्तापासून भरायला हवं. नववीत शाळेने मला सोडलं खरं, पण खिशातल्या पेनावर इयत्ता लिहिलेली नसते.

१० मार्च. जुनं पेन.
मामांनी पाहिलं. म्हणाले, खिशात पेन? लाँड्रीत? दुधाशेजारी मांजर बांधतोयस की रे भाच्या! मी शांतपणे समजावलं, हे व्हिंटेज आहे, साठ वर्षांचं. तर म्हणाले, माझ्याच वयाचं की. मग त्यालाही इथली गरम हवा सोसायची नाही.
सगळे हसले. अडाणी लोक.
संध्याकाळी कामाच्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर नाण्याएवढा निळा ठिपका. पेनाला घाम आला असणार.

११ मार्च. नवं पेन.
मुद्दाम रात्रभर उलटं टांगून ठेवलं. एक थेंब नाही. भित्रं पेन.

१४ मार्च, शनिवार
घाईत लिहितोय, अक्षराला नावं ठेवू नयेत.
आज आमचे कोट धुवायचा दिवस. उद्याच्या मोठ्या पार्टीचे टेबलक्लॉथही मशीनच्या त्याच पांढऱ्या लोडमध्ये. मामांसमोर ढीग, शेजारी मॅडम उभ्या. माझ्या कोटातून जुनं पेन निघालं असतं तर मामांचं प्रवचन, तेही मॅडमसमोर. म्हणून म्हणालो, मामा, माझे खिसे बघितलेत मी, टाका. नंतर गुपचूप काढून घेणारच होतो. तेवढ्यात मॅडमनी हाक मारली. रिकामी ट्रॉली हलवायला. मॅडमनी मला हाक मारली याचाच आनंद मोठा, ट्रॉली हलवली, आणखी दोन ट्रॉल्या न सांगता हलवल्या. परत आलो तर मशीन सुरू.
दार उघडलं. आत आकाश होतं. स्वच्छ, निळं, सगळ्या टेबलक्लॉथवर सारखं पसरलेलं.
ड्रम रिकामा करायला मीच पुढे झालो. पेन रबराच्या कडेला अडकलं होतं. मोज्यात सरकवलं. मॅडमनी विचारलं, तुझ्याकडे पेन असतं ना रे? मी शर्टाच्या खिशातलं प्लास्टिकचं काढून दाखवलं. म्हणालो, हे काय, जागेवर आहे, मॅडम. हे गळत नाही. नव्या पेनाची मी केलेली ही पहिली स्तुती.
मग मॅडम म्हणाल्या, खिसे कुणी तपासले? मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी ड्रमकडे पाहत होतो. मामा म्हणाले, सही माझी आहे.

१५ मार्च
दोष शाईचा आहे. कंपनीने बाटलीवर लिहायला हवं होतं, मशीनमध्ये पसरते म्हणून.
शिवाय सही करणाऱ्याने स्वतः बघायला नको? मी म्हणालो म्हणून काय झालं? मी रोज कितीतरी गोष्टी म्हणतो.
मामांना इस्त्रीच्या खोलीत पाठवलं. खिडकीजवळचं टेबल मला. मॅडम म्हणाल्या, तुझं लक्ष असतं कामात.

१६ मार्च
आईला फोन केला, टेबल मिळालं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, बाई गं, बसून काम! मामांनी शब्द टाकला असेल बघ. त्यांना माझा नमस्कार सांग, परमुलखात पोराला सांभाळलं त्यांनी.
मी म्हणालो, रेंज जातेय.
रेंज उत्तम होती.

१७ मार्च. नवं पेन.
खुर्ची मऊ आहे. हे तक्रार म्हणून लिहितोय. खिडकीतून वारा येतो आणि भिंतीपलीकडून मामांचा खोकला. थांबतो तेव्हा जास्त ऐकू येतो.
जुनं पेन सुकवून पाहिलं. आतली रबराची पिशवी फाटली. निब चिंधीने घासली तर सोनं चिंधीवर आलं, खाली पितळ. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. हे पेनाबद्दलच लिहायला घेतलं होतं.
निश्चय: उद्या सांगणार. एकट्यात नाही, सगळ्यांसमोर, ताठ मानेने. वाक्यही ठरलंय: मामा, पेन माझं होतं, मी खोटं बोललो. पाठ केलं. फार अवघड वाक्य नाही.

१८ मार्च
गेलो इस्त्रीच्या खोलीत. दुपारी, सगळे हजर असताना. मॅडमही चादरी मोजत होत्या. पलीकडचं मोठं मशीन पिळायला लागलं होतं, भिंत थरथरत होती. योग्य वेळ वाटली. वाफेत मामांचा चेहरा नीट दिसत नव्हता, तेही बरंच होतं. छाती भरून घेतली आणि सगळं वाक्य बोललो. एक शब्द गाळला नाही.
मामांनी कानामागे हात धरला. मग मान हलवली. ओरडून म्हणाले, मशीन थांबू दे. मग बोल.
उभा राहिलो. मामा इस्त्री फिरवत होते, तीन हात मारले की टेबलाला टेकून श्वास घेत होते. कुणीतरी मला स्टूल दिलं. मी बसलो.
मशीन हळू झालं. थांबलं. खोली एवढी शांत झाली की मामांच्या छातीतली शिट्टी ऐकू आली. त्यांनी इस्त्री बाजूला उभी ठेवली, माझ्याकडे वळले. मॅडमनीही मोजणं थांबवून वर पाहिलं. मामा म्हणाले, हां. बोल आता, बाळा.
मी म्हणालो, मामा, पुढचा लोड लावू का?
मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग इस्त्री उचलली.
लाव, म्हणाले.