पाचशे तास

अण्णा, मागच्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं की माझे पाचशे तास पूर्ण झाले. ते चूक होतं. कागदावर पाचशे आहेत, पण धरण्याजोगा त्यातला एकही नाही. ते पत्र कपाटात पडून आहे आणि हेही तिथंच जाणार, तरी चूक दुरुस्त केल्याशिवाय मला पुढचं लिहवत नाही.

हे तास कसले ते सांगते, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते आणि औषधशास्त्राचं कॉलेज घरात कुणाच्या मनातही नव्हतं. बारावीनंतर नगरला दोन वर्षं शिकले. निकाल लागला तेव्हा दादानं दुकानात पेढे वाटले आणि आईनं गल्लीभर सांगितलं की पोरगी फार्मासिस्ट झाली. मलाही तसंच वाटलं. कॉलेजातले कारकून मात्र चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, तू आमच्या परीक्षा पास झालीस. फार्मासिस्ट तुला मुंबईचं कौन्सिल करणार." मला काय येतं ते कॉलेज सांगतं. लोकांच्या हातात औषध द्यायची मुभा राज्याची, आणि त्या नोंदणीला अर्ज करायच्या आधी एखाद्या नोंदणी झालेल्या फार्मासिस्टच्या देखरेखीखाली निदान तीन महिने, पाचशे तास काम केल्याचा दाखला लागतो. मी म्हटलं, त्यात काय, आपलं दुकान आहेच.

बेलापुरातलं दुकान अजून तसंच आहे. काउंटरमागे भिंतीवर तीच फ्रेम, आणि फ्रेममध्ये फार्मासिस्ट काकांचं नोंदणीपत्र. काका महिन्यातून एकदा यायचे, चहा घ्यायचे, रजिस्टरात महिन्याभराच्या सह्या करायचे आणि उठताना म्हणायचे, "माझ्यापेक्षा माझा कागदच तुमच्याकडं जास्त बसतोय, कंपाउंडर." तुम्ही हसायचात. ते हसू फार लवकर संपायचं. आपल्या भागात बऱ्याच दुकानांत असं भाड्याच्या कागदावरच चालतं, कुणाला त्यात काही वाटत नाही. या उन्हाळ्यात तीन महिने मी काउंटरवर बसले, रोजचे तास वहीत लिहिले. काका तीनदा आले. शेवटच्या खेपेला त्यांनी फॉर्म स्कूटरच्या सीटवर ठेवून सही केली. "पाचशेच लिहिले का? मी तर म्हनतो हजार लिही, लहानपनापासूनचे." दादा मोठ्यानं हसला, मीही हसले. घरी येऊन तुम्हाला ते पत्र लिहिलं.

कौन्सिलला पाठवायचं पाकीट चिकटवायच्या आधी मी फॉर्म परत वाचला. 'माझ्या प्रत्यक्ष देखरेखीखाली' असे शब्द त्यात आहेत. ते वाचलं आणि एकदम आठवलं: मी दहा वर्षांची आहे, एक बाई कडेवर पोर घेऊन उभी आहे, मी फळीवरून बाटली काढते आणि तुम्ही माझं मनगट धरता. "वाचलं का?" "रंग माहितीये ना, अण्णा." "रंगावर जाऊ नको. वाचल्याबिगर द्यायचं न्हाई. ठिव परत." त्या बाईसमोर. मी खोक्यांमागे जाऊन रडले. संध्याकाळी तुम्ही, दुकानाआधी ज्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होतात त्यांच्या दवाखान्यातलं तुमचं काचेचं मोजपात्र माझ्या हातात दिलंत, ते डोळ्यांसमोर सरळ धरून रेघ कशी बघायची ते दाखवलंत, आणि बाटलीला चिकटवायची कागदाची पट्टी कशी कातरायची तेही. एक खाच म्हणजे एक डोस. पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा मला ती अक्षरं खोक्यांवरून आधीच येत होती.

हा फॉर्म पाठवणार नाही, तास पुन्हा करणार, असं दादाला सांगितलं तर तो भडकला. "येडी हायेस का तू? दसऱ्याला काका कागद काढून नेनार, पोराच्या दुकानात लावनार. तवर तुझा आला न्हाई तर शटर खाली!"

"तीन महिने उशीर होईल."

"तीन महिने काय पाटी पुसत बसू? आनि अण्णांच्या हाताखाली शिकलीस ते काय खोटं हुतं?"

आई कणीक मळता मळता त्याला एवढंच म्हणाली, "इन्स्पेक्टर आला म्हटलं की तुझ्या बापाला दोन दिवस जेवन जायचं न्हाई. हिला तसलं नको." दादा उठून दुकानात गेला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला दोन दिवसांनी सापडलं, पण त्याला दिलं नाही, तुम्हाला देते. तुमच्याकडे शिकलेलं खरंच आहे. फॉर्मात त्याला रकाना नाही, म्हणून मी ते काकांच्या नावावर लिहून मोकळी झाले होते.

श्रीरामपूरला एका हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये एक मॅडम आहेत. त्या स्वतःच्या फ्रेमखाली दिवसभर स्वतः बसतात. मी त्यांना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी कुठं काम केलंय?" मी म्हटलं, वडिलांच्या दुकानात. "फार्मासिस्ट होते?" मी म्हटलं, "नाही. कंपाउंडर होते." मॅडम म्हणाल्या, "मग हात बसलेला असेल. पण तास पहिल्यापासून धरायचे हं." मी चालेल म्हटलं.

एक सांगायचं राहिलं. फ्रेममधलं नाव तुमचं नाही हे मी पाचवीतच वाचलं होतं. तुम्हाला कधी विचारलं नाही. कॉलेजात मात्र दोन्ही वर्षं, कुणी विचारलं की, वडील फार्मासिस्ट होते असंच सांगत आले. ते खोटं काकांनी लिहून दिलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं.

सही केलेला फॉर्म मी चुलीत घातला. नवी वही आणली आहे, पहिल्या पानावर अजून काही लिहिलेलं नाही. पोळा रविवारी आहे. मी सव्वाआठच्या गाडीनं श्रीरामपूरला जाणार, दुसऱ्या दिवशी, सोमवारी.