पेटीत राणी आहेच

३ ऑक्टोबर
ही वही मी हौसेने लिहीत नाही. काल मधमाशीपालकांच्या बैठकीत कुराओकाने सगळ्यांसमोर सांगितले की बाईंच्या पेटीत राणी उरलेली नाही. मी म्हटले, आहे. तो म्हणाला, मग महिनाभर पाहा आणि लिहा. राणी निघाली तर गुडघे टेकून नमस्कार करतो. नाही निघाली तर थंडीआधी उरल्यासुरल्या माशा माझ्या पेटीत सोडू, त्या तरी जगतील.
कुराओका माझा विद्यार्थी. सातचा पाढा पाचवीतही येत नव्हता.
ह्यांच्या सहा पेट्या होत्या. ते गेल्यावर ही एकच राहिली. ही मी राखणार.

५ ऑक्टोबर, सकाळी ७
दारात मोठ्या काळ्या माशा. एकशे बारा मोजल्या. सगळे धट्टेकट्टे नर. भरभराट आहे.
सून चिझुरू म्हणाली, आई, कुराओकासान सांगत होते, राणी मेली की कामकरी माशा अंडी घालतात आणि त्यांतून नुसते नर निघतात; काम शून्य, मध फस्त. मी म्हटले, चार वर्षांत ज्यांनी घरात पाळणा हलवला नाही त्यांनी अंड्यांवर बोलू नये. ती स्वयंपाकघरात गेली. मग भांडी जरा जोरात वाजली.

८ ऑक्टोबर
पाऊस. पाहिले नाही. आहे ते रोज काय पाहायचे?

१२ ऑक्टोबर
कुराओका स्वतःची राणी जाळीच्या डबीत घेऊन आला. तिचे पोळे लहान, म्हणून तिच्या माशा दुसऱ्या पेटीत मिसळल्या म्हणे. म्हणाला, बाई, हा शेवटचा उपाय. पेटीत ठेवा, पण चार दिवस डबी उघडू नका, आधी वास ओळखीचा होऊ दे.
मला गरज नाही. पण विद्यार्थ्याचे मन मोडू नये. शिवाय आमच्या राणीला सोबत होईल.

१३ ऑक्टोबर
डबी उघडली. नवी सून आली की पहिल्याच दिवशी शेजारी घरोघर नेऊन वाकायला लावायचे, ही गावची रीत. चिझुरूला मी पावसात अकरा घरे फिरवली होती. कोंडून कोणाचे भले झाले?

त्याच दिवशी, ११ वाजता
पेटीच्या दारात माशांचा मुठीएवढा गोळा! गांधीलमाशी शिरली की आमच्या माशा तिला वेढून अंगच्या उष्णतेने भाजून मारतात, हे इथे शेंबडे पोरही जाणते. राणीविना एवढा जोम येईल? शेजारच्या मोरिवाकी वहिनींना बोलावून दाखवले. फोटो काढला. तासाभराने गोळा सुटला. खाली एक लांबट माशी मरून पडली होती. गांधीलमाशीचे पिल्लू असावे. चिझुरूने ते उचलून काड्यापेटीत ठेवले. रडत का होती, विचारले नाही.

२१ ऑक्टोबर
माशा कमी. गर्दी गेली, शिस्त आली.
कुराओका फाटकातूनच म्हणाला, बाई, अजून ओंजळभर आहेत, आज नेऊ द्या. मी म्हटले, महिना झालेला नाही. सात चोक सांग, मग ने. अठ्ठावीस म्हणाला, एका दमात.
नेऊ दिल्या नाहीत.

२८ ऑक्टोबर
आरसा धरून खालून पाहिले. पोळ्यात पांढऱ्या अळ्या! भरपूर! अळ्या म्हणजे अंडी, अंडी म्हणजे राणी. कुराओकाला फोन केला. त्याने विचारले, फिरतात का? मी म्हटले, चांगल्या चपळ आहेत, जाळीही विणतात. मग म्हणाला, बाई, ते मेणकिडे. राखायला माशा उरल्या नाहीत की शिरतात.
फोनवरून निदान करणारा हा कोण?

३ नोव्हेंबर
रात्री दव गोठले. महिना पुरा.
कुराओकाने पेटी उघडली. मग गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावले. मी म्हटले, ऊठ, झाले. तेव्हा दिसले, त्याचे तोंड पेटीकडे होते.
त्याच्या ताब्यात दिले:
पेटी, चार मजली, जाळण्यासाठी. आत कोणी नाही.
रिकामी जाळीची डबी.
ही वही. मधले बरेच दिवस कोरे.
काड्यापेटी, चिझुरूने आणून दिली. आत गांधीलमाशीचे पिल्लू. खोडले. राणी, एक. त्याचीच.