रामहरीमामांच्या हिशोबाला मी नावं ठेवली त्याबद्दल

कळंब,
शनिवार

ती. सौ. दैवशालाआत्यांना,

राजेश्वरीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हातात पेन आहे, तेवढं सांभाळून घ्या.) तामलवाडीत सगळे खुशाल असतील असं धरून चालते. तुमचा गुडघा कसा आहे? त्या तेलानं उतार पडला, की तेल संपलं आणि गुडघा आहे तसाच? तुमच्या घरच्या मामांनी तंबाखू सोडल्याचं कळलं. परत धरल्याचंही कळलं. म्हैस व्याली असेल तर रेडी झाली का तेही कळवा. इकडं आई-दादा बरे आहेत. माझं पुढं सांगते.

हल्लीच्या काळात ही पत्र का लिहिते, असं तुम्हाला वाटेल. तर आत्या, फोनवर बोललेलं कुठं जाऊन वाजेल याचा मला भरवसा राहिला नाही. तुमचे धाकटे दीर रामहरीमामा आणि मी यांच्यात काहीतरी झालं, एवढं तुमच्या कानावर आलंच असेल. येरमाळ्याहून तामलवाडीला येईपर्यंत त्यात काय काय मिसळलं असेल देव जाणे, म्हणून खरं काय ते लिहिते.

तुम्हाला माहीतच आहे, मी आडत दुकानाच्या माडीवर कर सल्लागार म्हणून ऑफिस टाकलंय. (खाली हरभऱ्याची पोती झटकली की वर माझी पाटी पुसावी लागते.) बरेच दिवस पाटी पुसण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. अशात एक दिवस येरमाळ्याचे मल्लिनाथशेट जिना चढून आले. हायवेला त्यांचं खताचं आणि बियाणाचं मोठं दुकान आहे. त्यांनी फाईल टेबलावर ठेवली, माझ्यासाठी चहा सांगितला आणि म्हणाले, "ताई, आधीच्या माणसाचं काम कसंय, जरा बघून सांगा." आधीचा माणूस कोण, हे मी विचारायला पाहिजे होतं. आमच्या धंद्यात तशी रीतच आहे. फाईल बदलून आली की आधी जुन्या माणसाला फोन करावा, हे असं का लिहिलंय ते विचारावं, आणि गिऱ्हाइकाला फक्त काय दुरुस्त करायचं तेवढं सांगावं. पण पहिलं मोठं गिऱ्हाईक समोर बसलेलं, चहात आलं घातलेलं, माझी जीभ सैल सुटली.

चुका होत्या, हे मात्र मी आजही सांगेन. खरेदीची काही बिलं दोनदा धरलेली. शिवाय बियाणाच्या गोदामात उंदीर होतात म्हणून शेटनी मांजर पाळलंय, त्या मांजरीच्या दुधाचा खर्च "सुरक्षा" या नावाखाली लिहिलेला. मी म्हणाले, मग मांजरीला शिट्टी आणि गणवेश दिलाय का? शेट इतके हसले की त्यांना ठसका लागला. माणूस हसतोय म्हटल्यावर मला आणखी चेव आला. (हा आपल्या घराण्याचाच दोष आहे, दादाही लग्नात असेच करतात.) शेवटी मी म्हणाले, हे लिहिणाऱ्याच्या हातातलं पेन काढून घ्या आणि खुरपं द्या. शेटनी डोळे पुसले आणि "ताई, परत एकदा म्हणा की" अशी विनंती केली. मी परत म्हणाले, अगदी हातवारे करून. तेव्हा त्यांचा फोन टेबलावर उताणा पडलेला होता, त्याकडं माझं लक्ष गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या नव्या गोदामाची सत्यनारायणाची पूजा होती. मला आग्रहाचं बोलावणं आलं. मांडव घातलेला, आणि लाऊडस्पीकर थेट हायवेकडं तोंड करून लावलेले. माझ्या डोक्यावर फेटा बांधला आणि पुढच्या सोफ्यावर नेऊन बसवलं. शेजारी बघते तर तसाच फेटा बांधलेले रामहरीमामा, मिशीला ताजा कलप लावलेला, मांडीवर नारळ. मी पाया पडले. ते "कशी हाईस पोरी" म्हणाले. मला वाटलं, मामा किती ठिकाणी ओळखीचे! बायकांच्या रांगेत सिद्धम्मामामी पण होत्या. त्यांनी मला मान हलवून ओळख दिली. (ती शेवटची.)

मग शेटनी माईक हातात घेतला. एवढी वर्षं दुकानाचा हिशोब बघणारे आमचे रामहरीअप्पा, असं म्हणून त्यांनी मामांना शाल घातली. आणि आता या आमच्या नव्या ताई, लई हुशार, जुन्या हिशोबाबद्दल काय बोलल्या ते त्यांच्याच तोंडून ऐका, असं म्हणून त्यांनी फोन माईकला लावला. आत्या, माझा आवाज एवढा कर्कश आहे हे मला ठाऊक नव्हतं. शिट्टी झाली, गणवेश झाला, खुरपं झालं. लोक पोट धरून हसत होते. थांब्यावर उभ्या एसटीतली माणसं खिडकीतून वाकून बघत होती. फेटा पुढं ओढून त्यात तोंड लपवता येतं का ते मी करून पाहिलं. येत नाही.

मामा उठले. शेटच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, "बिलं दोनदा धरल्याली हाईत. पोरगी बरोबर बोलली. दुरुस्त करून देतो." एवढंच. मग प्रसादाचा द्रोण घेऊन शांतपणे शिरा खाल्ला.

त्यानंतर माझा धंदा वाढला असं तुम्ही ऐकलं असेल, तर ते चूक आहे. ऑफिसात गर्दी वाढली. रोज कुणीतरी व्यापारी फाईल घेऊन येतो, सोबत दोन मित्र आणतो आणि म्हणतो, ताई, आमच्यावाल्याला पण काहीतरी म्हणा की. हसायची वाट बघत बसतात. मी गप्प राहिले की फाईल उचलून जातात. काम कुणी देत नाही, आपल्याबद्दल ही बाई उद्या कुणाला काय सांगेल याची धास्ती! खुद्द मल्लिनाथशेट फाईल परत न्यायला आले तेव्हा म्हणाले, "ताई, तुमी हसवता लई भारी. पण हिशोबाला जरा गंभीर माणूस बरा." आणि फाईल घेऊन गेले कुणाकडं? रामहरीमामांकडं!

शेवटी परवा मी इथंच कळंबात रामहरीमामांच्या घरी गेले. दार सिद्धम्मामामींनी उघडलं. मला खालवर बघून म्हणाल्या, "या. खुरपं आणलंय का?" पाण्याचा तांब्या दिला, चहाचं नाव नाही.

मामा तीच फाईल उघडून बसले होते. मी म्हणाले, "मामा, चुकलं माझं."

"काय चुकलं? बिलं दोनदा हाईतच की."

"तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं."

"व्हय. फोन केला असतास तर सांगितलं असतं. बिलाचं माझंच चुकलंय. मांजरीचं मल्लिनाथनं हट्टानं लिव्हाय लावलं. म्या न्हाय म्हणलो व्हतो, पण लिव्हलं मीच."

"मग हे तिथं माईकवर का नाही सांगितलंत?"

मामांनी चष्मा काढला. "गिऱ्हाईक हाय ते. त्याच्या दारात, त्याच्याच पूजेला, त्याचाच शिरा हातात धरून त्याचं काढू व्हय?"

मला रडू आलं, आत्या. मामांनी तिकडं दुर्लक्ष केलं आणि फाईल माझ्याकडं सरकवली. म्हणाले, बस, अजून काय सापडतंय ते बघ, पण मला सांग. थोड्याच वेळात एक चूक सापडली. आता सांगायची कशी? मी खाकरले, आणि हे लिहिलं त्या दिवशी लाईट गेली होती का, असं विचारलं. मामा म्हणाले, "सरळ बोल की!" मग मी सरळ बोलले, त्यांनी सरळ ऐकलं, आणि दुपारपर्यंत आम्ही निम्मी फाईल नीट केली.

तेवढ्यात मल्लिनाथशेट आले. आम्हा दोघांना एका टेबलाशी बघून त्यांचा चेहरा खुलला. खुर्ची ओढून बसले आणि मला डोळा बारीक करून म्हणाले, "काय ताई, आज काय सापडलं?" मी म्हणाले, फाईल दुरुस्त होतेय. त्यांनी मामांकडं बघितलं. मामा म्हणाले, फाईल दुरुस्त होतेय. बराच वेळ ते या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघत राहिले. मामींनी त्यांना चहा दिला, तो पिऊन बिचारे तोंड पाडून गेले.

असो. पत्र लांबलं. तुमच्या घरच्या मामांना तंबाखूसकट नमस्कार, आणि म्हशीच्या पाठीवरून माझ्या वतीनं हात फिरवा.

तुमची भाची
राजेश्वरी

ता. क. : मुख्य काम राहिलंच. रामहरीमामांना आता नजरेचा त्रास होतो. पाडव्यानंतर त्यांच्या ऑफिसात येऊन बस, निम्मी कामं तुझ्याकडं देतो, असं ते स्वतःहून म्हणाले. पण त्यांचं ऑफिस घराच्या पुढच्या खोलीत, आणि सिद्धम्मामामी म्हणतात, खुरपंवाली माझा उंबरा ओलांडायची नाही. मामी जगात फक्त तुमचं, म्हणजे थोरल्या जावेचं ऐकतात. तरी पुढच्या रविवारी गुडघ्याला घेऊन कळंबला या. मी बोलावलं असं म्हणू नका. येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला निघाले होते, वाटेत डोकावले, असं म्हणा. (येरमाळा ओलांडून कळंबला का आलात असं मामींनी विचारलं तर गुडघा दुखतोय म्हणा.)

ता. क. दुसरा : तुमच्या बचत गटाचा हिशोब तपासायला पाठवला होतात, तो बघितला. माझं मत तयार आहे, चांगलं पानभर आहे. पण तो कुणी लिहिलाय तेवढं आधी कळवा. तुम्ही लिहिला असेल, तर अक्षर फार सुंदर आहे.