साहेबांच्या केबिनमधलं बटण

मामा,

भाच्याचा वाकून नमस्कार. (टेबलांखाली वायरी ओढून कंबर धरली आहे, तेव्हा वाकलो तेवढा गोड मानून घ्या.) मामींचा गुडघा कसा आहे? तुमचा आवाज अजून खणखणीत असेलच. त्याची गरज पडणार आहे.

तुमच्या शब्दावर तुमच्या वर्गमित्रांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, मला नोकरी दिली आणि ऑफिसातले कॉम्प्युटर माझ्या गळ्यात मारले. यंदा जुने काढून थिन क्लायंट बसवायचं ठरलं. हे म्हणजे डब्याएवढं यंत्र. त्याला स्वतःचं डोकं नसतं. सगळं काम एका सर्व्हरवर होतं आणि आपण नुसतं पडद्याकडे बघायचं. (आमच्या स्टाफला हे शिकवावं लागलं नाही.) नेटवर्क मात्र जुनंच वापरायचं, असा हुकूम. बसवलं, झकास चाललं, आणि दुपारी एकदम सगळे पडदे काळे. थोड्या वेळाने सुरू, मग पुन्हा काळे. सगळं ऑफिस हाताची घडी घालून माझ्याकडे बघायला लागलं.

मी केबल बदलल्या, सर्व्हरपाशी बसून जेवलो. साहेब केबिनमध्ये बसून स्वतः तपासायचे, तेव्हा मात्र सगळं सुरळीत! शेवटी उलगडा झाला. नेटवर्कचा मुख्य डबा पहिल्यापासून साहेबांच्या केबिनमध्ये आहे, आणि साहेब हात धुवायला उठले तरी तिथली सगळी बटणं बंद करून जातात. जुन्या कॉम्प्युटरना त्याचं सोयरसुतक नव्हतं. ते आपापल्या डोक्याने चालायचे. (म्हणूनच त्यांना काढलं असावं.)

मी बटणावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी लावली. साहेबांनी ती टराटरा फाडली. ‘‘माझ्या केबिनमध्ये मला शिकवतोस? ही शिस्त तुझ्या मामानेच लावलीय मला!’’ डबा बाहेर हलवू का विचारलं, तर स्वतःच्या चुकीचं खापर केबिनवर फोडतोस म्हणाले, आणि चौकशी होईपर्यंत मला घरी बसवलं. फार लागलं हो मनाला.

तुमचा (अजून लाडका असलो तर) भाचा

ता. क. : खरं काम हे. साहेबांना फोन करून, सहज बोलता बोलता, ती सवय सोड म्हणा. माझं नाव काढू नका.

ता. क. २ : आत्ताच टायपिस्ट बाईंचा फोन आला. मी घरी बसल्यापासून एकही पडदा काळा झालेला नाही. साहेबांचा पाय मुरगळलाय. उठले तर दोन्ही हात दोघांच्या खांद्यांवर, बटण दाबणार कुठून? दोष माझाच होता हे सिद्ध झालं, उद्या कायमचं काढायचं पत्र निघतंय. तेव्हा शिस्तीचं राहू द्या. पायाला शेक घ्यायला सांगा, आणि आजच्या आज.